आल्तारावरची बाटली

युजीनदादा यांस,

धाकट्या रिचर्डचा वसईहून नमस्कार. देवाच्या दयेने आम्ही घरातली सगळी धडधाकट आहोत. तुमचा गुडघा आणि वहिनींचं प्रेशर काय म्हणतं ते सविस्तर कळवा. फोनच करणार होतो, पण आमच्या सूनबाई एलिनाचे कान हल्ली फार तिखट झालेत, म्हणून पत्र. (पाकिटाचा डिंक उचकटलेला दिसला तर लगेच कळवा.)

आमच्या मंडळींची, फ्लॉसीची, अट तुमच्या कानावर आलीच असेल. जिनचा रोज एकच पेग. अट मोडली तर तुमच्या ज्युलीच्या लग्नात टोस्टचं भाषण मी करायचं नाही. तुम्ही मस्कतला होता तेव्हा जिला मी सायकलवर बसवून शाळेत सोडलं, तिच्या लग्नात मी तोंडाला कुलूप लावून बसायचं? मला ते फार लागलं, म्हणून मुकाट कबूल झालो. फ्लॉसीने बाटलीवर नेलपॉलिशने रेघा ओढल्या, दिवसाला एक. तर दुसऱ्याच दिवशी जिन दोन रेघा खाली. आधी मला एलिनाचा संशय आला (लिंबं फार आणते), मग प्लंबरचा, मग खुद्द फ्लॉसीचा, कारण मला खोटं पाडण्यात फायदा तिचाच. शेवटी चोराला चकवायला मी जिन हॉलमधल्या आल्तारावरच्या, येशूच्या तसबिरीपुढच्या, पवित्र पाण्याच्या बाटलीत भरली आणि ते पाणी जिनच्या बाटलीत. देवासमोर कोण हात घालणार? तरी पुढचे चार दिवस जिनची बाटली दोन-दोन रेघा उतरतच राहिली. चोर घरातलाच आहे आणि त्याला जिनची चव ठाऊक नाही, हे मी तेव्हाच ताडलं.

शनिवारी फादर घर आशीर्वादित करायला आले. फ्लॉसीने आल्तारावरची बाटली भक्तिभावाने त्यांच्या हाती दिली. हॉल, किचन, बेडरूम, सगळीकडे शिंपडून झाल्यावर फादरांनी बोटं हुंगली आणि माझ्याकडे पाहिलं. (माझ्याकडेच का? शेजारचा जेन्सनही तिथेच उभा होता.) तेव्हापासून फ्लॉसी माझ्याशी बोलत नाही. ती तुम्हाला फोन करील. माझी बाजू ऐकल्याशिवाय टोस्ट दुसऱ्या कुणाला देऊ नका.

तुमचा निर्दोष भाऊ,
रिचर्ड

ता.क. चोर सापडला. एक पेग मी संध्याकाळी रोझरीच्या प्रार्थनेआधी घेतो, रोझरी म्हणता म्हणता तो विसरतो, आणि मग दिवसाचा पहिला पेग घेतो.

ता.क. आणखी एक. त्या चार दिवसांतही सवयीने मी जुनीच बाटली उघडत होतो. म्हणजे लिंबू पिळून पवित्र पाणीच पीत होतो, आणि दादा, मला चढतही होती. फ्लॉसीला सांगू नका. लग्नात माझ्या ग्लासात तुम्ही स्वतःच्या हाताने पाणी ओता. मी खोदून खोदून विचारीन. जिनच आहे म्हणून सांगा.