ओटीतला कापूस उडत नाही

खामगाव, गुरुवार. कापूस वेचणीचे दिवस.

माझं पुस्तक कुणीतरी वाचलं! दोन महिन्यांपूर्वी इंटरनेटवर टाकलं, पण खाली एकही अभिप्राय नव्हता. चुलतभाऊ रिजवान रोज म्हणायचा, "आपा, खोट्या नावानं चार तारीफा टाक ना. कोन पाहून राह्यलं?" माझा हात धजला नाही.

आज कापूस वेचणाऱ्या एका अनोळखी बाईनं लिहिलं. पाचपैकी तीन तारे. "बोंडअळीनं बीटी कापसाचं वावर खाल्लं, ते वाचून रडू आलं. पण ताई, मी रोज वेचते, कमरेला बांधलेल्या ओटीतला कापूस तुम्ही लिहिला तसा हवेत उडत नाई. त्याच्यात सरकी राह्यते."

तीनच तारे. पण खरे! आणि चूक माझीच. आमचा धंदा गाद्या भरायचा. मी सरकीचं बी काढून पिंजलेला, घरभर उडणाराच कापूस पाहिलेला. वावरात जाऊन विचारायला नको होतं का?

मला घरीच अक्षरं शिकवणाऱ्या अब्बांना वाचून दाखवलं. गादी शिवता शिवता हसले. "चूक सापडली म्हंजे पान न् पान वाचलं तिनं, बेटा."

ते वाक्य दुरुस्त करून पुस्तक पुन्हा चढवलं. रिजवान म्हणतो, आता तिला पाच तारे माग.

नाही मागणार. हे तीन माझे आहेत.