आज्जीचं ‘साकु’

पप्पा,

जेवायला आल्यावर घर रिकामं दिसलं तर घाबरू नका. शाळा बुडवून मी आज्जीला दातांच्या डॉक्टरांकडे नेतेय. ओरडा संध्याकाळी खाईन, आधी हे वाचा.

परवा तुम्ही तिला विचारलंत, "अव्वा, या वयात कायमचे दात बसवायचेत का गं?" ती म्हणाली, "साकु." तुम्ही लगेच म्हणालात, बघा, तीच पुरे म्हणते. झालं, विषय संपला!

तुमचं कन्नड माझ्यापेक्षा चांगलं, तरी मी तिला भांडी घासताना परत विचारलं, "काय साकु गं?" तर म्हणते कशी, "ही कवळी साकु! बोलताना टकटक वाजते. लग्नात पंगतीला बसले की घास नुसता गालात धरून ठेवते मी." पप्पा, ती पुरे म्हणाली ते कवळीला, दातांना नाही!

आज फक्त फोटो काढून जबड्याचं हाड बघणार आहेत. तिचे शुगरचे रिपोर्ट मी घेतलेत. हाडात दम नाही म्हणाले तर राहिलं. पण ते डॉक्टरांनी म्हणायचं, आपण नाही.

आमटी गॅसवर आहे, गरम करून घ्या. दवाखाना सात रस्ता चौकातच आहे.

आज्जी चपला घालतेय, पण तिला त्या फोटोच्या मशीनची भीती वाटतेय. "मी आहे की," म्हटलं. तर म्हणाली, "तू हाईस गं. पण माझ्या लेकाला, महेशाला ये म्हणून लिही."

— अपेक्षा