भट्टीला जोडी लागते

निशिगंधाच्या बाबांना,

नमस्कार लिहावा असं तुम्ही काही ठेवलं नाहीत. आज कासारवाडीच्या प्रार्थनेत पाळकांनी मिसर देशाच्या गुलामीतून सुटलेल्या इस्राएल लोकांची गोष्ट सांगितली. तेही तिथल्या फारो राजाच्या विटाच पाडायचे. सुटून रानात आले, भूक लागली, तर म्हणाले, मिसरातला कांदा-लसूणच बरा होता. सगळे हसले. मला तुमचं बोलणं आठवलं.

चाकणच्या वीटभट्टीवरून अधिकाऱ्यांनी आपल्याला सोडवलं, तेव्हा मी मळलेलं पीठ परातीसकट उचलून आणलं होतं. इथं तुम्ही रोज कंपनीच्या गेटवरून परत यायचात आणि म्हणायचात, "तिथं निदान काम शोधावं लागत नव्हतं." मला वाटलं, भूक बोलतेय.

भट्टीवर एकटा माणूस घेत नाहीत. एकानं चिखल तुडवायचा, दुसऱ्यानं साच्यातून विटा पाडायच्या. मी परत भट्टीवर यायला नाही म्हणाले, तर काल मी धुण्याभांड्याला गेल्यावर तुम्ही निशिगंधाला शाळेतूनच उचललंत. आत्याकडे जायचंय म्हणालात तिला! मुकादमाच्या बायकोनं फोन केला, म्हणून कळलं. नववीतली पोर साच्याला बसवलीत.

फारोनं निदान मागं सैन्य तरी पाठवलं होतं. तुम्हाला धरून न्यायला कुणी आलं नव्हतं हो.

हे पत्र टाकत नाही. वाचून तुम्ही तिला सोडणार नाही. मीच निघालेय. तिचा शाळेचा ड्रेस सोबत आणतेय. मी साच्याला बसले की तो तिला घालायला द्या आणि बसमध्ये बसवा. शेजारच्या सुमनताई तिला ठेवून घेणार आहेत.

निशिगंधाची आई