मोठ्या पानांचा सूड

३ मार्च, ब्रनो
माझा पॅच, म्हणजे कोडमधला बदल, परत आला. राडोवानने मेलिंग लिस्टवर, सगळ्या जगासमोर लिहिलं: कल्पना वाईट, मोजमाप शून्य, नको. कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, येत्या आवृत्तीत एकच पॅच जाणार, त्याचा किंवा माझा. आणि निवडणारा कोण, तर तोच.
हा माणूस माझ्या वरच्या मजल्यावर बसतो, कॅन्टीनमध्ये माझ्याच रांगेत असतो. पण तोंडाने अवाक्षर नाही. आमच्याकडे जे लिस्टवर नाही ते घडलंच नाही.
मी रागावलेलो नाही. फक्त त्याला त्याच लिस्टवर नाक घासायला लावणार आहे.

५ मार्च
आईने फोनवर विचारलं, भांडण नेमकं कशाचं? सांगितलं, पबमध्ये लोक सुटे सुटे बसले की वेटरची दमछाक होते, सलग लांब टेबल दिलं की एका फेरीत काम. कॉम्प्युटरच्या मेमरीचं तसंच, तिच्या तुकड्यांना आम्ही पानं म्हणतो, छोट्या पानांऐवजी मोठी पानं द्यायची. राडोवान म्हणतो, मागेल त्यालाच लांब टेबल. मी म्हणतो, सरसकट सगळ्यांना. आई म्हणाली, आणि एकटाच कोणी आला तर?
आई राडोवानच्या बाजूची आहे.

९ मार्च
संकल्प: शांत राहणे. राडोवानचं नाव न काढणे. बिअर बंद. राडोवानची जिरवणे.

१२ मार्च
लिफ्टमध्ये राडोवान. माझ्यासाठी दार धरलं, बायकोने केलेल्या बुख्त्या, म्हणजे गोड भरलेले पाव, पुढे केल्या, आत मनुका-चीज. ही त्याची चाल. तीन खाल्ल्या, पण थंडपणे.

१९ मार्च, दुपार
आधी राडोवानचा पॅच घातलेल्या कर्नलचा वेग मोजला. मशीन कित्येक दिवस चालू, मेमरी पार विस्कटलेली. आकडे भिकार. फार बरं वाटलं. मग माझं कर्नल टाकलं, मशीन रीस्टार्ट केलं, पुन्हा मोजलं. वेळ चक्क एक तृतीयांशाने कमी. शेजारच्या टेबलावरच्या लुडमिलाने विचारलं, नक्की तुझंच कर्नल चाललंय का ते बघितलंस? म्हटलं, हे आकडे राडोवानच्या बापाला जमणार नाहीत.
लोकांना दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही.

२० मार्च
मेल पाठवली. राडोवानच्या स्वभावावरचे परिच्छेद लुडमिलाने काढायला लावले. शेवटचं वाक्य मात्र सोडलं नाही: 'मोजमाप हवं होतं ना? आता डोळे उघडून बघा.' सोबत मशीनचा अख्खा लॉग, म्हणजे त्याने केलेल्या सगळ्या नोंदी, जोडला. लपवायचं काय आहे आपल्याला?

२४ मार्च
उत्तर नाही. घाबरला. कॅन्टीनमध्ये मान खाली घालून डम्पलिंग चिवडत होता. क्षणभर दया आली, मग गेली. त्याच्या माफीला द्यायचं उत्तर तयार आहे. मोठ्या मनाचं, पण लागेल असं.

२६ मार्च
उत्तर आलं. एकही टोमणा नाही, तेच जास्त झोंबलं. म्हणतो, लॉग वाचला, दोन्ही वेळा कर्नल त्याचंच, राडोवानचंच, चालू होतं. रीस्टार्टनंतर मशीनने सवयीने आधीचंच कर्नल उचललं. मेमरी नुकतीच रिकामी झालेली, म्हणून वेग वाढला.
म्हणजे मशीन बंद करून चालू केलं की बरं चालतं, हे मी जगाला सिद्ध करून दाखवलं.
लुडमिलाने न मागता कॉफी आणून दिली. टोमणा मारला असता तर परवडलं असतं.

२७ मार्च
माझं कर्नल आज खरोखर चालवलं. मशीन उठलंच नाही. चूक मशीनची असावी.

२ एप्रिल
राडोवानचा पॅच आत गेला. आमच्यात प्रथा आहे, कोड ज्याने तपासला त्याचं नाव श्रेय म्हणून खाली टाकतात. खाली ओळ आहे: चाचणी, क्विदो ब्लाहुत. म्हणजे मी. शिवाय लिस्टवर राडोवानचे जाहीर आभार: 'माझा कोड इतक्या कसोशीने आजवर कोणी तपासला नव्हता.' ही ओळ आता कोणालाही पुसता येत नाही, राडोवानलासुद्धा नाही. मी विचारून बघितलं.
आईला सांगितलं. ती म्हणाली, बघ, आलं ना शेवटी नाव, आणि त्या भल्या माणसाला घरी जेवायला बोलाव. रविवारी येतोय.