काड्यांचा पूल

३ जून, सोमवार

माझ्या पुलाची मधली कमान आज पुन्हा सुटी केली. चौथ्यांदा की पाचव्यांदा, देव जाणे! आम्हाला हव्या त्या इंजिनिअरिंग कॉलेजात अर्जासोबत आइस्क्रीमच्या काड्यांचा पूल न्यायचा असतो. तिथे त्यावर वजनं टांगतात. शुक्रवार शेवटचा.

भोपूने – माझा जुळा भाऊ, आवाजावरून पडलेलं नाव – एका बैठकीत पूल उरकला. चक्क लवंडतोय! म्हणतो, "चालतंय की!" मार्क माझ्यापेक्षा कमी, ऐट मात्र राजाची.

४ जून, मंगळवार

डिंक वाळतोय. मीपण.

५ जून, बुधवार

भोपूबरोबर गेले, त्याचा पूल धरायला. माझा अर्ज अजून कोराच.

केवढा तो हॉल! छताला लोखंडी तुळया. मान दुखेपर्यंत वर बघत राहिले. इथे शिकायचं!

रांगेत मुलगे ओल्या डिंकावर फुंकरा मारत होते. एकाने तर पूल सुतळीने आवळलेला! मुलींचे पूल कापसात गुंडाळलेले. एकीची एक काडी जराशी चिरली होती. ती दारातूनच परत गेली. भोपूच्या पुलापेक्षा कितीतरी देखणा होता तिचा! हाक मारायला हवी होती. पण मी कोणत्या तोंडाने मारणार?

भोपूचा पूल तिसऱ्या वजनाला – कडाड्! मी डोळेच मिटले. परीक्षक बाईंनी विचारलं, "का तुटला?" हा हसतोय! "आळस, बाई. इथे डिंक कमी पडला. आणि ही काडी तिरकी हवी होती." बाईपण हसल्या. घेतला त्याला पुढच्या फेरीत!

सगळ्यांचेच पूल तोडतात म्हणे. कसा तुटतो, ते बघायचं असतं. आणि मी महिनाभर समजत होते, तुटला की संपलं!

चारचौघांत पूल मोडला आणि हा हसला. मी थक्क. मला हे कुठल्या जन्मी जमायचं?

६ जून, गुरुवार

भोपू – "तुझा किती पेलतो गं?"

"माहीत नाही."

"म्हणजे? काहीच ठेवलं नाहीस त्यावर?"

नाही ठेवलं. साधी वाटीसुद्धा नाही. तुटला असता तर!

आई शिलाई मशीनवरून म्हणाली, "मापं दहादा घे बाई, पण कधीतरी कात्री लाव की!" असा राग आला! खरं होतं म्हणून जास्तच.

अर्ज भरला. 

७ जून, शुक्रवार

वजनं संपली! माझा पूल उभाच. अख्खा हॉल चिडीचूप, भोपूसुद्धा! बाई हळूच म्हणाल्या, "शेजारच्या प्रयोगशाळेतून आणखी मागवू, की थांबायचं इथेच?"

मागवा म्हटलं. तुटेपर्यंत.