तोंड बांधलेलं पोतं

गोंडपिपरी,
१८ मे २०२५

सौ. दिव्यानी हिस,
नीलिमाताईचे अ. उ. आ. वि. वि.

पत्रास कारण आई. तुझी सासू आणि माझी जन्मदाती. प्रफुलची बदली पेरमगुड्याला झाली तेव्हा तिनं अवाक्षर काढलं नव्हतं. पण होळीला कुणीतरी तिच्या कानात घातलं की पर्लकोटा नदी फुगली की ते गाव महिना-दीड महिना तुटतं, ना गाडी जाते ना दुकानात माल येतो. तेव्हापासून माझं घर माझं राहिलेलं नाही.

आतल्या खोलीत धानाची पोती, माळ्यावर लाखोळीची डाळ, खाटेखाली चिंच, आणि अंगणातल्या खाटांवर वाळायला घातलेल्या वांग्याच्या खुला, म्हणजे चिरलेल्या फोडी. परवा आमचे हे आंघोळ करून टॉवेल शोधत होते, तर त्यावर आईनं मूगवड्या घातलेल्या. ते बिचारे जुन्या लुंगीला अंग पुसून निघून गेले. मी मात्र बोलले. म्हटलं, तो मास्तर आहे, वनवासात नाही गेला. पावसाळ्याआधी तिकडे तीन महिन्यांचं रेशन एकदम वाटतात, हे त्यानं भामरागडहून फोन करून तुलाच सांगितलं होतं. तर म्हणते, मले नको शिकवू, त्याले भूक सहन होत नाई, मले लहानपणापासून माहीत हाय.

बाबा गेल्यापासून सात वर्षं आई माझ्याकडे आहे. बाबांच्या धानाच्या बांध्या आम्ही कसतो, तिच्या गुडघ्यांना तेल मी लावते, आणि जीव तुटतो तो पोरासाठी. मी काही मनाला लावून घेत नाही. खरं सांगायचं तर घेते.

बुधवारी पोचूचा टेम्पो तुमच्याकडे येतोय, त्यात सगळं चढवते. धानच धाडते आहे, तांदूळ नाही. आई म्हणते, तुसातला दाणा पावसाळा काढतो, उघडा काढत नाही. लागेल तसं कांडून घ्या. फोनवर सांगितलं असतं, पण तुमच्या गावात टॉवर नाही आणि फोनमधली ती बाई मला रोज तेच ऐकवते की तुम्ही संपर्क क्षेत्राबाहेर आहात. म्हणून हा कागद.

खुशबूला गोड पापा. लोभ आहेच, पोती उतरवून घेताना तो कमी होऊ देऊ नकोस.

तुझी,
नीलिमाताई


पेरमगुडा,
४ जून

ती. नीलिमाताईंस,
दिव्यानीचा सा. न. वि. वि.

पोती पोचली. अकरा मोठी आणि एक लहान. पोचूभाऊंनी दारात ढीग घातला तेव्हा अर्धं गाव बघायला आलं होतं. मला आनंद झाला, यांना राग आला. म्हणाले, आई मला अजून चौथीतला पोरगा समजते.

ताई, तुमची आई एकटीच नाही हो. तुमचा भाऊही तयारीला लागलाय, पण शास्त्रशुद्ध. भिंतीवर तक्ता लावलाय. माणशी किती ग्रॅम, नव्वद दिवसांचे किती, सगळं रंगीत खडूनं. आलापल्लीहून पांढरा शुभ्र तांदूळ आणला आणि झाकणाचे दोन मोठे निळे ड्रम. सकाळी ड्रम धुतले, दुपारी तांदूळ ओतला, वरून चिकटपट्टी मारली. मी म्हटलं होतं, ड्रम एक दिवस उन्हात तरी ठेवा. तर मला हवाबंद म्हणजे काय ते समजावून सांगितलं. मी चिमूरची, आमच्याकडे कापूस-सोयाबीन. धान-तांदळातलं मला काय कळतं, असं त्यांचं म्हणणं. तुमच्या धानाची पोती त्यांनी मागच्या पडवीत टाकलीत, म्हणाले कांडत कोण बसणार.

शेजारची सोमारी रोज येऊन तक्ता बघते आणि हसते. तिच्या घरात मी पाहिलं, धान साठवायची एक बांबूची ढोली, वाळलेली मोहफुलं आणि मिठाचं गाठोडं. बस. तिनं मला विचारलं, मीठ आणलं का. ताई, तक्त्यात सदतीस वस्तू आहेत. त्यात मीठ नव्हतं. सध्या भांडून पाच किलो आणवलं आहे.

ते लहान पोतं मी सगळ्यांच्या मागे ठेवलं आहे. त्याचं तोंड पळसाच्या मुळीच्या दोरीनं तीन गाठी मारून बांधलंय आणि गाठीत कडुलिंबाची काडी आहे. काही वेगळं असेल तर कळवा.

आईंना माझा नमस्कार सांगा. भाऊजींना नवा टॉवेल घेऊन द्या. आपला जीव आमच्यावर आहे, तो असाच राहू द्यावा.

आपली,
दिव्यानी


गोंडपिपरी,
१० जुलै

सौ. दिव्यानीस,
घाईचे आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं होतं, पण मी पेरणीच्या गडबडीत शेवटच्या ओळी नीट वाचल्याच नाहीत. त्याची शिक्षा आता भोगते आहे.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही पऱ्हे टाकले, रोपांसाठी धान पेरलं. रोपं बोटभर आली आणि नाला बांध्यांत शिरला. सहा दिवस पाणी हललं नाही. पाणी ओसरलं तेव्हा खाली कुजका चिखल होता. आता पंधरवड्याच्या आत पुन्हा पऱ्हे टाकले तरच रोवणी होईल, नाहीतर वर्षभर शेत पडीक. दुकानात आहे ते भारी धान, उशिरा निघणारं, ते आता पेरून उपयोग नाही. हलकं धान हवं. बाबांनी वीस वर्षं लोंब्या निवडून निवडून जे हलकं वाण केलं, ते आपण दरवर्षी अर्धं पोतं जास्तीचं राखून ठेवतो, ते याचसाठी.

मी ढोलीमागे हात घातला तर पोतं नाही. आईला विचारलं, तर आधी म्हणाली उंदरांनी नेलं असेल. अर्धं पोतं दोरीसकट नेणारे उंदीर मी अजून पाहिले नाहीत. मग तुझ्या पत्रातल्या तीन गाठी आठवल्या आणि माझं डोकंच फिरलं. मी जे बोलले ते इथे लिहीत नाही. ती शेवटी रडत म्हणाली की त्या धानात खडा नाई, कोंडा नाई, नातीच्या पेजेले चांगलं म्हणून धाडलं. मी विचारलं, खायलाच दिलं तर बियाण्यासारखं बांधलं काऊन. तर म्हणते, बिजाईचं पोतं उघडं कसं धाडू, हात आपसूक वळतेत.

काय करू मी या बाईचं? पोराच्या घरात बारा पोती, आणि ज्या शेतातून ती निघाली त्या शेतात आज टाकायला मूठभर दाणा नाही.

दिव्यानी, ते पोतं खाल्लं असेल तर तसं स्पष्ट लिही. मी तुला दोष देणार नाही. उरलं असेल तर प्रफुलला हात लावू देऊ नकोस. हे पत्र कंडक्टरकडे देते, भामरागडच्या चहाच्या टपरीवर ठेवून देईल. पुढे तुमची नदी आणि तुमचं नशीब.

राग तुझ्यावर नाही. लोभ होता तेवढाच आहे.

नीलिमाताई


पेरमगुडा,
१६ जुलै

ती. नीलिमाताईंस,
सा. न. वि. वि.

हे पत्र घेऊन कोण आलंय ते बघा आणि आधी त्याला पाणी द्या. रागावायचं ते नंतर.

तुमचं पत्र काल मिळालं. सोमारीचा नवरा लालसू डोंग्यानं नदीपलीकडे गेला होता, त्याला टपरीवाल्यानं दिलं. पण त्याआधी इथे काय झालं ते सांगते.

तीन आठवड्यांपूर्वी ड्रम उघडला तर आंबूस वास आला. तांदळाचे ढेकळासारखे गोळे, वर हिरवी बुरशी, कडेला सोंडे. दुसऱ्याचीही तीच गत. ड्रम आतून ओलेच होते, आणि वरून ते हवाबंद. यांनी भिंतीवरचा तक्ता उतरवून ठेवला.

मग तुमचं धान निघालं. ते आम्हाला पावसाळा संपून वर चार महिने पुरलं असतं. पण रस्ता बंद, यंदा रेशनची गाडी पुराआधी पोचलीच नाही, शाळेतल्या जेवणाचा तांदूळही आला नाही, आणि वर्गात बेचाळीस पोरं. हे दोन दिवसांना एक पोतं गावातल्या बायांकडून कांडून घेऊन चुलीवर चढवत. कधी कधी रोज एक. मी खूप भांडले. म्हटलं, आपल्या पोरीचं काय. म्हणाले, ती त्याच रांगेत बसून जेवते ना. यावर मला आणखीच राग आला.

गेल्या शुक्रवारी अकरावं पोतं संपलं. शनिवारी मी ते लहान पोतं कमरेवर घेऊन सोमारीच्या उखळाशी गेले. तिनं मुसळ उचललं, दोरी पाहिली, गाठीतली काडी पाहिली, आणि मुसळ खाली ठेवलं. म्हणाली, हे बांधलेलं हाय, हे खायाचं नाई, ज्यानं बांधलं त्यानंच सोडायचं. मी सांगितलं, आमच्या घरचंच आहे, सासूनं दिलंय. तिनं मान हलवली आणि आत जाऊन आपल्या ढोलीतलं दोन पायली धान आणून माझ्यासाठी कांडलं. त्यांच्या घरी त्या दिवशी मोहाची पेज होती, हे मला खुशबूनं नंतर सांगितलं.

हे चिडून सोमारीशी वाद घालायला गेले. तिनं आपलं बिजाईचं पोतं दाखवलं. तीच मुळीची दोरी, तशाच गाठी. ताई, यांनी त्या गाठींवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, बाबा असंच बांधायचे, मी विसरलोच होतो.

तर पोतं जसंच्या तसं आहे. काल तुमचं पत्र वाचलं आणि आज लालसूच्या डोंग्यातून हे पोतं घेऊन निघत आहेत. सध्या शाळा पाण्यामुळे बंदच आहे. पाऊस पडतोय, प्लास्टिक गुंडाळलंय, पण या घरातल्या प्लास्टिकवर माझा आता विश्वास नाही.

ममता आहे ती दोघींच्या वाट्याची ठेवा, यांच्या वाट्याची दोन दिवस कापली तरी चालेल.

आपली,
दिव्यानी


गोंडपिपरी,
२१ जुलै

सौ. दिव्यानीस,
अ. उ. आ. वि. वि.

प्रफुल एकोणीसला दुपारी पोचला. डोंगा, मग टपरीत एक मुक्काम, मग वाहून गेलेल्या पुलाजवळून चिखलात चालत, मग बस. पोतं डोक्यावर. पायाची नखं काळी पडलीत. मी पाणी दिलं, तू सांगितलं होतंस म्हणून.

मग पोत्याला हात लावला आणि माझा धीर सुटला. पोतं चिंब भिजलेलं, आणि कोमट. प्लास्टिक कुठेतरी फाटलं होतं आणि तीन दिवस पाणी आत मुरत होतं. मी त्याला वाटेल ते बोलले. म्हटलं, तांदूळ ओला करून नासवलास, आता बाबांचं बियाणंही नासवलंस. तो ओसरीत मान खाली घालून बसला होता.

आईनं गाठी सोडल्या. दहा दिवस माझ्याशी न बोललेली बाई. तिनं आत कोपरापर्यंत हात घातला, मूठ भरून बाहेर काढली आणि माझ्यापुढे धरली. प्रत्येक दाण्याला पांढरा मोड आला होता. आपण चिखलात फेकायचं धान भिजवून, पोत्यात दाबून मोड आणतो, अगदी तसा. आई म्हणाली, आता हे ठेवता येत नाई अन् खाता येत नाई, उठा. पऱ्हे आणि रोवणी सोडून ते थेट बांधीतच फेकायचं ठरलं, आणि आम्ही तिघं आणि हे, उजेड होता तोवर फेकत होतो. आईनं गुडघ्यांची तक्रार केली नाही. प्रफुलनं फेकलेलं एका जागी गोळा झालं, ते तिनं दोनदा पसरवलं.

आता नवीन कटकट. नदी पुन्हा चढली आहे आणि तुझा नवरा इथे अडकला आहे. ज्याच्यासाठी बारा पोती गेली तो माझ्या चुलीपुढे बसून तिसरी भाकरी मागतो, आणि तुम्ही दोघी तिकडे. आईला हे कळलं तेव्हा ती जेवणावरून उठली. तिला वाटतं सगळं तिच्यामुळे झालं. मी म्हटलं, हो, तुझ्यामुळेच. मग तिला जेवायला वाढलं.

लालसू आला तर चार पायली धान आणि डाळ टपरीवर ठेवलेली असेल. सोमारीच्या घरी आधी दे. तू आमच्या जिवाला घोर लावू नकोस, एवढीच माया मागते.

नीलिमाताई


गोंडपिपरी,
२३ नोव्हेंबर

सौ. दिव्यानीस,
अ. उ. आ. वि. वि.

धान घरात आलं. कमी आलं, पण आलं. बांध्यांत प्रफुलनं पेरलेला कोपरा दुरूनही ओळखू येत होता, त्याला सांगू नकोस. आईनं लोंब्या निवडून बिजाईचं पोतं आधी भरलं, तीच दोरी, तीन गाठी. ते आता माझ्या खाटेखाली आहे आणि त्यावर माझा डोळा आहे.

पोचूच्या टेम्पोत एक मोठं पोतं येतंय, ते तुमचं नाही. आई म्हणते, ते सोमारीले दे अन् सांग, खायाचं हाय. मी सुतळी आणि दाभण घेऊन शिवायला गेले, तर तिनं माझ्या हातातून दाभण काढून घेतलं. म्हणाली, बांधलेलं पाहिलं तर ते बाई पुन्हा खाणार नाई. म्हणून पोतं उघड्या तोंडानं धाडलं आहे. पोचू कुरकुर करतोय की वाटभर दाणे सांडतील. सांडू दे म्हटलं.

ते पोचेल तसं दोघींनी मिळून कांडा. तुमचा लोभ आम्हाला हवाच आहे.

तुझी,
नीलिमाताई