ठशातलं कुंकू

खंडेनवमी, संध्याकाळ

खालच्या मजल्यावरच्या काकूंनी आज सासऱ्यांचं शंभर वर्षांपूर्वीचं रिव्हॉल्व्हर पाटावर पुजलं होतं. मला मुद्दाम बघायला बोलावलं. नळीवर कारखान्याचा ठसा दिसेना. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "काकू, ही नक्कल आहे." त्यांनी त्यावरचं झेंडूचं फूल उचललं.

घरी येऊन तिथे काढलेला फोटो मोठा करून पाहिला. ठसा होता. इतक्या वर्षांच्या पूजेचं कुंकू त्यात भरलं होतं. वीस वर्षं जुन्या शस्त्रांवरची पुस्तकं वाचून मला ते पुसून बघायचं सुचू नये? आणि बोललो किती ऐटीत! ते फूल डोळ्यांपुढून हलेना.

शेवटी फोन केला. "काकू, चुकलो. अस्सल आहे."

"अहो, तुम्ही जिना चढायच्या आतच फूल परत वाहिलं मी."